किती लिहू?

माझी धाकटी आत्या २०२५ च्या १ जानेवारीला पासष्ट वर्षांची झाली, निदान आधार कार्डाच्या हिशेबाने तरी झाली. खरा जन्म केव्हाचा, हे तिला ठाऊक नाही. शाळेत ती गेलीच नाही, त्यामुळे दाखला नाही, आणि आमच्या कोयनाकाठच्या वाडीत त्या काळी मुलींच्या जन्माची नोंद करण्याइतकी सवड कोणाला नसे. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे थोरल्या बहिणीने तिला झोपेतच उचलून अंगणात आणले, एवढी एकच खूण घरात सांगितली जाते. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. आठ वर्षांच्या झोपलेल्या मुलीला अकरा वर्षांची बहीण उचलू शकेल असे मला वाटत नाही, म्हणून आत्याचा जन्म १९६२ च्या आसपासचा असावा, असा माझा अंदाज. पण आधार काढताना केंद्रावरच्या मुलाने तिच्या चेहऱ्याकडे पाहून १९६० साल टाकले आणि तारखेच्या जागी १ जानेवारी आली. तिच्या वयाच्या निम्म्या बायका आमच्याकडे १ जानेवारीलाच जन्मलेल्या आहेत.

या दोन वर्षांच्या फरकाचे इतके दिवस कोणालाच काही वाटले नव्हते. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना आली आणि त्याला एकाएकी मोल आले. ही योजना जुलै २०२४ पासून लागू झाली. सुरुवातीला वयाची कमाल मर्यादा ६० होती आणि आत्याने अर्जाचा विचारच सोडून दिला होता, पण काही दिवसांतच ती मर्यादा ६५ करण्यात आली. अर्ज भरला, तो मंजूर झाला आणि महिन्याला १,५०० रुपये तिच्या खात्यात येऊ लागले. नवऱ्यामागे पंचवीस वर्षे काढलेल्या या बाईच्या नावावर, तिच्या स्वतःच्या नावावर, दर महिन्याला येणारी ही आयुष्यातली पहिली रक्कम होती. आमच्याकडे सरकारकडून खात्यात येणाऱ्या अशा कोणत्याही रकमेला 'पगार' म्हणतात. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार, आणि आता बहिणीचा पगार. शब्द चुकीचा आहे असे मी पूर्वी म्हणत असे. आता म्हणत नाही.

पुढे जानेवारी आला आणि पगार थांबला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने जे पाच लाख महिलांचे लाभ थांबल्याचे सांगितले, त्यांत १ लाख १० हजार महिला केवळ वयाची पासष्टी ओलांडल्यामुळे बाहेर गेलेल्या होत्या. त्यांतली एक आमची आत्या असावी, असे मी धरून चालतो.

मला तेव्हा याचे फारसे दुःख झाले नाही, कारण मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग करणे हे माझ्या अंगवळणी पडलेले काम आहे. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना पासष्टीलाच सुरू होते, तिची रक्कमही जुलै २०२३ पासून १,५०० रुपयेच आहे, म्हणजे एक दार बंद होते त्याच पायरीवर दुसरे उघडते आणि एक अर्ज भरला की काम संपते, असे मी आत्याला छातीठोकपणे सांगितले. अटींचा कागद वाचला तो नंतर.

लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे आणि पिवळे किंवा केशरी रेशन कार्ड असेल, तर उत्पन्नाचा दाखलाही मागितला जात नाही. श्रावणबाळसाठी ही मर्यादा २१,००० रुपये आहे. महिन्याचे नव्हे, वर्षाचे. आणि एकट्या म्हातारीचे नव्हे, कुटुंबाचे. एकच राज्य सरकार, एकच बाई, रक्कम तीच १,५०० रुपये, परंतु ती चौसष्ट वर्षांची असताना तिच्या घरात अडीच लाख आले तरी ती गरजू ठरते आणि पासष्टावे पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच घरात बावीस हजार आले तर ती गरजू राहत नाही. वय वाढले, कामाची ताकद कमी झाली, गोळ्या वाढल्या आणि गरिबीची व्याख्या मात्र जवळजवळ बारा पटींनी कडक झाली. या दोन योजना दोन वेगवेगळ्या विभागांच्या आहेत, एक महिला व बालविकासाची आणि दुसरी सामाजिक न्यायाची, हे त्यामागचे कारण मला समजते. समजते म्हणून पटत नाही.

२१,००० रुपये म्हणजे महिन्याला १,७५०. या आकड्याला काय अर्थ उरला आहे, हे पाहण्यासाठी मी सरकारचाच दुसरा एक आकडा घेतला. रोजगार हमीच्या कामावर २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये मजुरी ठरलेली होती. कुटुंबातल्या एका माणसाने अडुसष्ट दिवस हमीच्या कामावर माती उचलली, की त्या घराचे उत्पन्न २१,२१६ रुपये होते आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते. रोजगार हमी कायद्याने ज्या शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती, ते शंभर दिवस पूर्ण करणारे कुटुंब श्रावणबाळच्या लेखी सुखवस्तू आहे. दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची कटकट वाचते हे खरे, पण ती यादी दोन दशकांपूर्वीच्या सर्वेक्षणावर उभी आहे आणि त्या वेळी आत्याचा नवरा नुकता गेलेला असूनही त्यांचे घर कौलारू असल्यामुळे का कशामुळे, त्यांचे नाव तीत आले नव्हते.

आत्याचा मुलगा दुसऱ्याच्या मालकीचा टेम्पो चालवतो. सून हंगामात मजुरीला जाते. त्यांचे कार्ड केशरी आहे. त्यांच्या घरात वर्षाला किती पैसे येतात हे कोणी कधी मांडून पाहिलेले नाही, पण एकवीस हजारांहून अधिक येतात, याविषयी शंका नाही, कारण तसे नसते तर ती पाच माणसे जगलीच नसती. तेव्हा आत्या अपात्र. प्रकरण इथेच संपायला हवे होते. ते संपले नाही, कारण आमच्या गावात श्रावणबाळचा पगार घेणाऱ्या बायका आहेत, त्यांच्या घरांतही माणसे जगतात आणि त्यांच्याकडे २१,००० रुपयांचे दाखले आहेत.

म्हणून आम्ही दाखल्याला गेलो. समोरच्या खुर्चीतला माणूस तरुण होता, उद्धट मुळीच नव्हता, उलट त्याने आत्याला आधी बसायला सांगितले, पाणी दिले, कागद पाहिले आणि मान वर न करता विचारले, "किती लिहू?"

मी तेहतीस वर्षे काउंटरच्या दुसऱ्या बाजूला बसलो आहे. उत्पन्नाचा पुरावा नसलेल्या माणसांना मी कर्जाचे अर्ज परत केले आहेत आणि परत करताना मला बरेही वाटलेले आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आत्याने माझ्याकडे पाहिले. त्या तरुणाला आमचे खरे उत्पन्न जाणून घ्यायचे नव्हते. कोणत्या योजनेसाठी दाखला हवा आहे, एवढेच त्याला कळायला हवे होते, म्हणजे त्या योजनेच्या मर्यादेत बसणारा आकडा तो लिहिणार होता. हा भ्रष्टाचार नव्हे, त्याने एक रुपयाही मागितला नाही. ज्या अटीत कोणीही बसू शकत नाही, ती अट आणि समोर बसलेली म्हातारी यांच्यात त्याने आपल्यापुरता काढलेला हा तोडगा होता. पण त्या तोडग्याची किंमत अशी, की पगार मिळणे हा हक्क न राहता कोणाच्या तरी भलेपणावर अवलंबून राहते आणि उद्या त्या खुर्चीत नियमावर बोट ठेवणारा माणूस आला किंवा गावातल्या भावकीतल्या कोणी तक्रार केली, तर खोटा दाखला घेतल्याचा ठपका सत्तरीतल्या बाईच्या माथी बसतो. "जे आहे ते लिहा," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे, मग आत्याकडे असे पाहिले, की तुमचा या बाईंवर काही राग आहे का, असेच त्याला विचारायचे असावे. दाखला साठ हजारांचा मिळाला. तोही खरा नव्हता.

मध्ये थोडे रकमेविषयी लिहितो, कारण या विषयावर वर्तमानपत्रांत जे येते ते बहुतेक रकमेविषयीच येते. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निराधार वृद्धांसाठी केंद्राचा वाटा महिन्याला ७५ रुपये होता. पुढे तो २०० झाला, २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, २०११ मध्ये केंद्राने वयाची अट ६५ वरून ६० वर आणली आणि ऐंशीच्या पुढच्यांसाठी रक्कम ५०० केली. त्यानंतर काही नाही. साठ ते एकोणऐंशी या वयोगटासाठी केंद्राचे ते २०० रुपये आजही २०० रुपयेच आहेत. महाराष्ट्रात वृद्धाच्या हाती जे पडते त्यातला मोठा भाग राज्याचा असतो. राज्याने एकूण रक्कम बरीच वर्षे ६०० वर ठेवली, ऑगस्ट २०१९ मध्ये १,००० केली आणि २०२३ मध्ये १,५००. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून ती २,५०० झाली, हा अलीकडचा बदल, आणि तो चांगला आहे. माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनावरचा महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदलतो. त्यासाठी मला कोणाला भेटावे लागत नाही आणि कोणी घोषणाही करत नाही. आत्याच्या वाट्याला असा निर्देशांक नाही. तिची रक्कम वाढायची तर कोणाला तरी ती वाढवावीशी वाटावी लागते.

तरीही मला रकमेपेक्षा अट जास्त टोचते. रक्कम निदान चार-सहा वर्षांनी हलते. २१,००० हा आकडा ६०० रुपयांच्या काळात होता, १,००० च्या काळात होता आणि १,५०० च्या काळातही आहे. आता तर श्रावणबाळचा वर्षाचा पगारच १८,००० रुपये होतो. केवळ या पगारावर जगणाऱ्या म्हातारीने वर्षाला तीन हजारांची अंडी विकली, की तिने मर्यादा गाठली.

आणि दुसऱ्या बाजूला पाहावे, तर याच काळात याच राज्याने उत्पन्न न विचारता वृद्धांना काही देण्याची रीत सहज अंगीकारली आहे. माझे वडील शहाऐंशी वर्षांचे आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला, तेव्हापासून ते महिन्यातून दोनदा तालुक्याला जाऊन येतात. काम काही नसते, मित्राच्या दुकानात बसतात, एक चहा पितात आणि परत येतात. कंडक्टर आधार कार्ड पाहतो, शून्य रुपयांचे तिकीट फाडतो. वडिलांना निवृत्तिवेतन किती, शेती किती, मुलगा काय करतो, असे त्याने कधी विचारलेले नाही. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट आहे, आणि बायकांना तर मार्च २०२३ पासून वयाची अटही नाही. केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारतचे 'वय वंदना' कार्ड सुरू केले. सत्तरी पूर्ण केलेल्या कोणालाही, मग तो कोट्यधीश का असेना, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण. तिथेही फक्त वय. गाडीत आणि दवाखान्यात सरकारला म्हाताऱ्या माणसाची कमाई जाणून घ्यायची गरज वाटत नाही. महिन्याचे रोख पैसे द्यायचे म्हटले, की मात्र रेशन कार्ड, दाखला, तलाठी, समिती.

सरसकट लाभाचेही एक भय असते, हे मी नाकारत नाही. रेल्वेने साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्नच्या पुढच्या महिलांना पन्नास टक्के सवलत वर्षानुवर्षे दिली आणि २० मार्च २०२० रोजी, साथीच्या दिवसांत, ती थांबवली. साथ गेली, सवलत परत आली नाही. जे सगळ्यांना मिळते, ते एका फटक्यात सगळ्यांचे जाऊ शकते.

पैसे येण्याच्या वाटेतही मोठा बदल झाला आहे. पूर्वी श्रावणबाळची यादी तहसील कार्यालयातून बँकेत येत असे आणि ती खात्यांवर चढवण्याचे काम मी स्वतः केलेले आहे. तीन-तीन महिने उशीर होई, मग एकदम पैसे येत आणि त्या दिवशी बँकेच्या पायऱ्यांवर सकाळी सातपासून म्हाताऱ्या बायका पिशव्या घेऊन बसलेल्या असत. २०२४ च्या अखेरीपासून रक्कम आधारमार्फत थेट खात्यात जाऊ लागली. मधले हात गेले, हे चांगलेच झाले. परंतु आधारमार्फत जाणारा पैसा पासबुकावर लिहिलेल्या खात्यात जात नाही. ज्या खात्याला आधार शेवटचे जोडले गेले, त्या खात्यात तो जातो, आणि ही गोष्ट खेड्यातल्या बहुतेकांना कोणी सांगितलेली नसते. आमच्या शेजारच्या काकींचा पगार चार महिने आला नाही म्हणून त्या तहसीलला दोन खेपा घालून आल्या. मी चौकशी केली तेव्हा कळले, की यात्रेच्या दिवशी मांडव टाकून बसलेल्या एका पोराने 'फुकट खाते' म्हणून त्यांचा अंगठा घेतला होता, नवे खाते निघाले होते आणि चार महिन्यांचे पैसे त्या खात्यात बिनबोभाट पडून होते. काकींना त्या खात्याचे नावही माहीत नव्हते. आपल्या घरात कोणाचा पगार अचानक थांबला असेल, तर तहसीलला जाण्याआधी आधार कोणत्या बँकेला जोडलेले आहे, ते पाहून घ्यावे. निम्मी प्रकरणे तिथेच उलगडतात, असा माझा अनुभव आहे.

आत्याकडे परत येतो. साठ हजारांच्या दाखल्याचा उपयोग नव्हताच. सेवा केंद्राबाहेर अर्ज भरून देणाऱ्या गृहस्थांनी कागद पाहिले आणि हा काही मोठा प्रश्न नाही, अशा सुरात सांगितले, "आधी रेशन कार्ड फोडून घ्या. आजीचं कार्ड वेगळं झालं, की आजी एकटीच कुटुंब. मग दाखल्याला अडचण नाही, आणि खोटंही काही नाही."

यात कायद्याच्या दृष्टीने खरोखरच खोटे काही नव्हते. वेगळी चूल असेल, तर वेगळे कार्ड मिळते. मला तो मार्ग ताबडतोब पटला. आत्याला पटला नाही. परतीच्या एसटीत ती काही बोलली नाही आणि घाट उतरल्यावर म्हणाली, "जित्या पोरापासनं येगळी निघू व्हय? लोक काय म्हणतील, सुनेनं बाहेर काढली." मी तिला समजावले, की हे कागदापुरते आहे. "कागदावर बी मी त्याचीच आई हाय," ती म्हणाली. मग मी दुसरा मार्ग काढून पाहिला. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करून तिला पुन्हा त्रेसष्ट वर्षांची करावी, म्हणजे बहिणीचा पगार आणखी दोन वर्षे सुरू राहील. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, अपघाताच्या नुकसानभरपाईच्या एका प्रकरणात, आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे असे म्हटले आहे, ते मी वाचले होते. पण आधारवरची तारीख बदलायला दुसरा कागद लागतो, आणि आत्याचा दुसरा कागद म्हणजे भूकंप.

सहा महिने गेले. त्या काळात आत्याने सुनेबरोबर भुईमूग निंदला, सोयाबीन काढले, गुडघ्याला पट्टा बांधून. तो पट्टा मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून मिळणाऱ्या एकरकमी ३,००० रुपयांतला. त्या योजनेची उत्पन्नमर्यादा दोन लाख आहे, म्हणून तिथे ती गरीब ठरली होती. शेवटी दिवाळीनंतर मुलानेच विषय काढला, आत्याने मान हलवली आणि कार्ड फुटले. नव्या कार्डावर एकच नाव आहे. अर्ज दिला आहे, पावती मिळाली आहे, समितीची बैठक व्हायची आहे. जेवण अर्थातच एकत्रच होते.

परवा तिचा फोन आला. सत्तरीनंतर दवाखान्याचे कार्ड मिळते असे कोणीतरी सांगितले होते, त्याला पण रेशन कार्ड फोडावे लागते का, हे तिला विचारायचे होते. मी म्हणालो, नाही, त्याला फक्त वय लागते, आधारवरचे. ती थोडा वेळ गप्प राहिली, मनातल्या मनात काहीतरी मोजत असावी.

"मग ऱ्हाऊ दे ते साल तसंच," ती म्हणाली. "आता दुरुस्त नको करूस."